कल्याणचे दाते आणि कल्याणची माती : ठाणे-कल्याण खाडीपट्ट्यातील पुरातत्त्वीय नोंदीचे एक परीक्षण

प्राचीन कल्याण नगर आज आपणांस ज्ञात आहे ते मुख्यतः परगावच्या दगडांवरून. कान्हेरीच्या डोंगरात कल्याणच्या नद नावाच्या लोहाराने दान दिले. सामिदत नावाच्या सुवर्णकाराने तेथे पाण्याची सोय केली. जुन्नरजवळील लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर दाता म्हणून जे नाव कोरलेले आहे ते कल्याणच्या हेरणिकपुत्र सुलसदताचे. खुद्द कल्याणात अंबालिका नावाचा विहार होता, ही माहितीसुद्धा कान्हेरीच्याच एका लेखातून मिळते. म्हणजे कल्याणचा लोहार, सोनार, उपासक आणि विहार हे सर्व लेखांत आहेत. परंतु ज्या भूमीवर ते नांदले, त्या भूमीने त्यांच्याविषयी अद्याप फारच थोडे सांगितले आहे. जुन्या कल्याणच्या वस्तीखालचे थर पद्धतशीर उत्खननाने क्रमवार उलगडले गेलेले नाहीत आणि दरवर्षी त्यांतील काही भाग नव्या इमारतींच्या पायात कायमचा नष्ट होत आहे.

सागरी व किनारी वारशाची नोंद करण्याचे कार्य अलीकडच्या काळात आपल्याकडे वाढीस लागले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. बंदरे, धक्के, दुर्ग, नाविक युद्धाचे वीरगळ, गधेगाळ, लेणी, तळी यांच्या याद्या होत आहेत. छायाचित्रे व मोजमापे घेतली जात आहेत. या कार्याचे कौतुक करणे सोपे आहे. परंतु कोणत्याही ज्ञानशाखेचा विकास केवळ कौतुकाने होत नाही. ही नोंद नेमके काय टिपते, काय वगळते आणि जे वगळले जाते त्याची किंमत कोणास द्यावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत. ठाणे, कल्याण, डोंबिवली व भिवंडी यांना जोडणारा उल्हास नदीचा खाडीपट्टा आम्ही त्यासाठी निवडला आहे, कारण येथे लेखांचा पुरावा आणि मातीचा पुरावा यांतील अंतर फारच मोठे आहे.

प्रथम निकष निश्चित केला पाहिजे. एखादी क्षेत्रनोंद चांगली आहे असे कशावरून म्हणावे? ती सापडलेल्या वस्तूच्या मोलावरून चांगली ठरत नाही, की नोंद करणाऱ्याच्या निष्कर्षावरूनही नाही. ज्या नोंदीच्या आधारे पुढच्या पिढीतील अभ्यासक मूळ नोंदकाराचाच निष्कर्ष तपासू शकतो, आणि आवश्यक तेथे तो खोडूनही काढू शकतो, ती नोंद चांगली, असे आमचे मत आहे. हा निकष आम्ही आकाशातून आणलेला नाही. याच प्रदेशातील एका थोर संशोधकाच्या कार्यातून तो मिळतो.

पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एप्रिल १८८२ मध्ये सोपारे येथील बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखली जाणारी टेकडी उकरली. ती टेकडी म्हणजे विटांचा स्तूप होता. त्याच्या गाभ्यातील दगडी पेटीत तांबे, रुपे, पाषाण, स्फटिक व सुवर्ण यांचे एकात एक ठेवलेले करंडक मिळाले. सर्वांत आतील सुवर्णकरंडकात मातीच्या पात्राचे तेरा लहान तुकडे होते. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे म्हणून पूजिले गेले असावेत, असे पंडितजींनी प्रतिपादन केले. ताम्रकरंडकाभोवती आठ बुद्धमूर्ती मांडलेल्या होत्या. याच ठेव्यात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे रुप्याचे नाणे होते. त्याच वर्षी सोपाऱ्यातील भातेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडाही त्यांना मिळाला. या सर्वांची हकिकत मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आणि त्याच साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आली.

या नोंदीचे खरे मोल पुढे दिसून आले. नाणे दुसऱ्या शतकातील, तर मूर्तींची घडण आठव्या-नवव्या शतकातील, हे शैलीच्या अभ्यासातून अभ्यासकांच्या ध्यानात आले. एकाच पेटीत सहा-सातशे वर्षांच्या अंतराच्या वस्तू कशा? याचे उत्तर एवढेच संभवते की, स्तूप नंतरच्या काळी पुन्हा उघडला गेला आणि श्रद्धावानांनी जुन्या अवशेषांभोवती नव्या मूर्ती मांडून तो पुन्हा बंद केला. म्हणजेच सोपाऱ्यातील बौद्ध उपासना सातवाहनांबरोबर संपली नाही. शिलाहारांच्या उदयकाळापर्यंत ती जिवंत होती. हा निष्कर्ष काढता आला, कारण कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या आत व कोणत्या वस्तूच्या भोवती होती, हे पंडितजींनी लिहून ठेवले होते. केवळ ‘आठ मूर्ती, पाच करंडक, एक नाणे’ अशी यादी त्यांनी केली असती, तर ते सर्व आज संग्रहालयातील सुंदर परंतु मुक्या वस्तू ठरले असते.

याच सोपाऱ्यात उलट उदाहरणही आहे. अशोकाच्या नवव्या शिलाशासनाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव येथे मिळाला. आठव्या व नवव्या शासनांचे हे दोन्ही तुकडे काळ्या पाषाणाचे असून मूळ जागेवरून हललेले आहेत. चौदा शासनांचा तो संपूर्ण लेख बंदराच्या मुखाशी होता की नगराच्या वेशीवर, येणाऱ्या नाविकाने तो वाचावा अशी योजना होती की नगरवासीयाने, हा प्रश्न धम्माच्या इतिहासाच्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे हे वाचकांस सांगावयास नको. त्याचे उत्तर आज देता येत नाही. दगड राहिला, त्याची जागा हरवली. जागा हरवली की दगडाचे अर्धे बोलणे हरवते.

सोपाऱ्यास निदान एक भगवानलाल लाभले. कल्याणास तेही भाग्य लाभले नाही. वास्तविक कल्याणविषयीचे प्रश्न सोपाऱ्याहून कमी गंभीर नाहीत. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेचा कर्ता सांगतो की, थोरल्या सातकर्णीच्या काळात कल्याण हे अधिकृत व्यापारी बंदर झाले. परंतु पुढे सत्ता बदलल्यावर तेथील व्यापारास अडथळा आला आणि तेथे उतरणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याची शक्यता असे. क्षहरात आणि सातवाहन यांच्या संघर्षाची ही किनाऱ्यावरील छाया होय, असे सामान्यतः मानले जाते. या एका उताऱ्यावरून कल्याणचे बंदर बुडाल्याचे चित्र अनेक पुस्तकांत रेखाटले गेले आहे.

परंतु कान्हेरीचे लेख त्या चित्राशी सहजासहजी जुळत नाहीत. यज्ञश्री सातकर्णीच्या काळी कान्हेरीचे भव्य चैत्यगृह गजसेन व गजमित या व्यापारी बंधूंनी करविले. त्याच्या आगेमागे कल्याणचे कारागीर व व्यापारी तेथे लेणी, पोढ्या व अक्षयनीवी दान देत होते. पोढी खोदविण्यास पैसा लागतो. आणि लोहाराच्या हाती दानासाठी शिल्लक पडावी इतके काम त्या नगरात होते. मग बंदर पुन्हा खुले झाले होते काय? की कल्याणचा व्यापार मुळात ग्रीक जहाजांवर अवलंबूनच नव्हता. किनाऱ्या-किनाऱ्याने चालणाऱ्या देशी नौका आणि नाणेघाटातून जुन्नर-पैठणकडे जाणारे तांडे यांवरच तो उभा होता? सहाव्या शतकात कॉसमस हा नाविक-लेखक तांबे, शिसवी लाकूड व कापड यांची मोठी पेठ म्हणून ज्या नगराचा निर्देश करतो ते बहुतेक अभ्यासकांच्या मते हेच कल्याण होय. मधल्या चार-पाचशे वर्षांत या बंदराचे काय झाले? लेख येथे अपुरे पडतात. खापरांचे थर, नाणी, मणी, धातुमळी यांतूनच याचे उत्तर मिळेल. आणि ते थर कल्याणच्या जुन्या वस्तीखाली आहेत.

या विषयावरील लेखनाकडे पाहता हीच उणीव निराळ्या रूपाने दिसते. डॉ. शोभना गोखले यांचा ‘कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स’ हा १९९१ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलेला ग्रंथ अत्यंत कष्टाने सिद्ध झालेला असून लेखांच्या वाचनाच्या बाबतीत तो आजही पहिला आधार आहे. डॉ. हिमांशु प्रभा रे यांनी ‘मॉनेस्टरी अँड गिल्ड’ या १९८६ च्या व ‘द विंड्स ऑफ चेंज’ या १९९४ च्या ग्रंथांत विहार, श्रेणी व सागरी व्यापार यांचा परस्परसंबंध व्यापक पटावर मांडला. विहार हा जगापासून तुटलेला आश्रम नसून व्यापारी मार्गावरील जिवंत संस्था होती, ही दृष्टी आज सर्वमान्य झाली आहे ती अशा अभ्यासांमुळेच. परंतु या दोन्ही प्रकारच्या लेखनाचा कल्याणविषयक पुरावा डोंगरावरचा आहे, काठावरचा नाही. दाता डोंगरावर आल्यानंतर आपणांस भेटतो. तो घरून निघतो तेव्हा आपण तेथे नसतो. हा दोष ग्रंथकारांचा नव्हे. क्षेत्रकार्याने त्यांना काठावरचा पुरावा पुरविलाच नाही.

अलीकडील क्षेत्रकार्यात मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल शिक्षण विभाग, साठ्ये महाविद्यालय व इंडिया स्टडी सेंटर ट्रस्ट यांनी २०१५ नंतर हाती घेतलेल्या साष्टी सर्वेक्षणाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. ज्या भूभागावर एका महानगराने जवळजवळ पूर्ण आच्छादन घातले आहे, तेथे गल्लीबोळांतून, कोळीवाड्यांतून व मंदिरांच्या आवारांतून हिंडून विद्यार्थी व स्वयंसेवक यांच्या साहाय्याने शिल्पे, गधेगाळ व इतर अवशेष यांची नोंद करावयाची, हे धैर्याचे काम आहे. महानगर झाले म्हणजे पुरातत्त्व संपले, हा समज त्याने खोटा ठरविला. गेल्या दशकात डॉ. सूरज पंडित यांनी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पूर्वी नोंद नसलेली सात लेणी प्रकाशात आणली, हेही याच चिकाटीचे फळ होय.

तथापि या कार्याची मर्यादा त्याच्या नावातच आहे. साष्टी हे बेट आहे. त्याची सीमा खाडीपाशी संपते. ठाणे त्या बेटावर येते, कल्याण येत नाही. आधुनिक अभ्यासकाच्या नकाशावर खाडी ही हद्द आहे. प्राचीन काळच्या लोहार नदास ती हद्द नव्हती, रस्ता होती. कल्याणहून कान्हेरीस येणारा मनुष्य उल्हासच्या ओहोटीबरोबर होडीने खाली येऊन साष्टीच्या काठावर उतरत असला पाहिजे. त्यानंतरच डोंगर चढावयाचा. म्हणून सर्वेक्षणाचा घटक बेट, तालुका किंवा जिल्हा न धरता खाडी हाच धरला पाहिजे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून सोपारे एका जिल्ह्यात व कल्याण दुसऱ्या जिल्ह्यात आहे. प्रशासनाच्या सोयीसाठी ते योग्यच असेल. परंतु अपरान्ताच्या या दोन जुळ्या बंदरांची नोंद दोन वेगळ्या दप्तरांत विभागली गेली, तर त्यांचा परस्परसंबंध कोणाच्याच दप्तरात राहणार नाही.

दुसरा मुद्दा नोंदीच्या विषयाचा आहे. किनारी वारशाच्या नोंदपत्रकात सामान्यतः वास्तू येते: दुर्ग, बुरूज, धक्का, लेणे, मंदिर, मशीद, चर्च. ज्या गोष्टीची वास्तू झाली नाही ती पत्रकात येत नाही. या संदर्भात नाशिकच्या लेण्यांतील नहपानाचा जामात उषवदात याच्या प्रसिद्ध लेखाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. त्यात भिक्खुसंघासाठी केलेल्या लेण्याचा उल्लेख आहे. परंतु त्याबरोबरच इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहानुका या नद्यांवर नावा ठेवून विनामूल्य तर सुरू केल्याचा, आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विश्रांतिस्थाने व पाणपोया केल्याचाही उल्लेख आहे. शूर्पारकातील दानेही त्यात नमूद आहेत. सुमारे १९०० वर्षांपूर्वी हा लेख कोरविणाऱ्यास नदीवरची तर लेण्याच्या शेजारी बसविण्यास योग्य वाटली. आजच्या आपल्या पत्रकात मात्र लेण्यास रकाना आहे, तरीस नाही.

हे केवळ शब्दाचे कौतुक नव्हे. उल्हासच्या काठावर कालपरवापर्यंत तरी चालत होत्या. घोडबंदर, नागला बंदर, रेतीबंदर अशी नावे अजून जिभेवर आहेत. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यास आली, १ मे १८५४ रोजी कल्याणास पोहोचली, आणि त्यानंतर खाडीच्या वाहतुकीस उतरती कळा लागली. ज्या जागी नावा लागत त्या जागा कोणत्या, भरती किती वेळ टिकली तर भरलेले गलबत कल्याणपर्यंत चढे, उधाणाच्या व भांगाच्या भरतीत किती फरक पडे, कोणत्या वळणावर गाळ साचे, हे सर्व ज्ञान चेंदणीपासून कल्याणपर्यंतच्या कोळी व आगरी वस्त्यांतील वृद्धांपाशी आहे. बंदराचे स्थान ठरते ते पाण्याच्या खोलीवरून व भरतीच्या वेळेवरून. प्राचीन कल्याणचा धक्का कोठे असावा याचा तर्क करू पाहणाऱ्या पुरातत्त्वज्ञास या वृद्धांएवढा उपयुक्त मार्गदर्शक दुसरा नाही. त्यांना आजवरच्या नोंदींत फार तर ‘स्थानिकांच्या सांगण्यानुसार’ एवढेच स्थान मिळते. त्यांचे सांगणे पुराव्याप्रमाणे तपासून, स्थळ व दिनांक यांसह, नोंदीच्या मुख्य भागात आले पाहिजे.

तिसरा मुद्दा खापरांचा. लेणे सापडले की वार्ता होते; खापर सापडले तर होत नाही. वस्तुतः सागरी इतिहासात खापराइतका प्रामाणिक साक्षीदार विरळा. एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावर व दख्खनेत मिळालेल्या अनेक खापरांना रोमन मद्यकुंभ असे सरसकट नाव दिले गेले आणि त्यावरून रोमन व्यापाराची मोठी चित्रे काढली गेली. डॉ. रोबर्टा टॉम्बर यांनी ती खापरे पुन्हा तपासून २००७ मध्ये दाखवून दिले की, त्यांतील पुष्कळशी रोमन नसून मेसोपोटेमियाकडील, आतून डांबराचा लेप दिलेल्या निमुळत्या कुंभांची आहेत. म्हणजे इराणी आखाताशी असलेला संबंध रोमच्या नावावर जमा झाला होता. संजाण येथे २००२ पासून झालेल्या उत्खननात व चौल येथील डेक्कन कॉलेजच्या कार्यात या आखाती कुंभांना व निळसर-हिरव्या झिलईच्या भांड्यांना योग्य स्थान मिळाले. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात इ. स. १००९ व १०२१ मध्ये पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत नावे कोरली आहेत, हे लक्षात घेता आखाताशी असलेला हा संबंध आपल्या लेण्यांच्याही इतिहासाचा भाग ठरतो. जुन्या चुकीची दुरुस्ती शक्य झाली, कारण ती खापरे जपून ठेवलेली व स्थळासह नोंदलेली होती. कल्याणच्या बाबतीत दुरुस्ती करण्यासारखी चूकही आपल्यापाशी नाही. कारण तपासावयास खापरेच नाहीत.

आणि ती मिळण्याची संधी दिवसेंदिवस कमी होत आहे. जुन्या कल्याणात वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत; प्रत्येक इमारतीच्या पायासाठी खड्डा घेतला जातो आणि त्यातील माती मालमोटारीने भरावासाठी जाते. डोंबिवली, मुंब्रा व भिवंडीच्या काठांवर वर्षानुवर्षे ड्रेझर व सक्शन पंप यांनी रेती उपसली गेली. पात्राच्या तळाशी जे काही होते ते चाळणीतून गेले. खाजणे व मिठागरे भरावाखाली गेली. प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियमन आहे. परंतु हे संरक्षण घोषित स्मारकास आहे. जमिनीखालच्या नगरास, जे अद्याप कोणी पाहिलेलेच नाही, ते लागू होणार कसे? जे नोंदले नाही ते संरक्षित होत नाही. आणि जे संरक्षित नाही ते नोंदण्यापूर्वीच नाहीसे होते.

यावर असे म्हटले जाईल की, लाखोंच्या वस्तीचे शहर उत्खननासाठी थांबविता येणार नाही. ते खरे आहे आणि आमची तशी मागणीही नाही. घरे ही माणसांची निकड आहे. परंतु पायाचा खड्डा जो होणारच आहे, त्याच्या भिंती दोन दिवस पाहण्यास, थरांचे रेखाटन करण्यास, छायाचित्र घेण्यास व खापरांचा एक पेटारा उचलण्यास शहर थांबावे लागत नाही. जगातील अनेक जुन्या नगरांत बांधकामाच्या वेळी पुरातत्त्वज्ञाने उपस्थित राहण्याची प्रथा आहे. जुन्या कल्याणच्या व ठाण्याच्या गावठाणांपुरती ती महापालिकांनी बांधकाम परवान्याची एक अट म्हणून स्वीकारली, तर दहा वर्षांत शंभर खड्ड्यांची नोंद सहज होईल. सलग उत्खननाइतके मोल तिला येणार नाही. परंतु वस्ती कोठे सुरू होते, कोठे संपते, कोणत्या खोलीवर लाल झिलईची खापरे लागतात व कोणत्या खोलीवर नदीचा गाळ लागतो, एवढे तरी कळेल. पेरिप्लसचा तो उतारा आणि कान्हेरीचे लेख यांतील विसंगती सोडविण्यास एवढे ज्ञानही पुष्कळ आहे.

बौद्ध विद्येच्या क्षेत्रातील अभ्यासकांनाही येथे दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. लेण्यांचा अभ्यास म्हणजे शिल्प व लेख यांचा अभ्यास, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. अभ्याससहली कान्हेरीस जातात, लोनाडच्या लेण्यास जातात. मूर्तीची मुद्रा व लेखाची अक्षरे पाहिली जातात आणि मंडळी परत फिरतात. लोनाडहून खाडीकडे जाणारी वाट कोणती, तेथे राहणाऱ्या भिक्खूंचा चरितार्थ कोणत्या वस्तीवर चालत असेल, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. दुसरे असे की, एखादा अवशेष सापडताच तो कोणाचा यावरच आपला सर्व उत्साह खर्च होतो. कल्याणच्या काठावर सातवाहनकालीन थर असेल, त्यावर शिलाहारांचा, त्यावर मुसलमानी अमलाचा, आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर शिवाजी महाराजांनी येथील खाडीत आरमाराची जी जहाजे बांधविली त्या काळचाही असेल. यांपैकी एकच थर आपला मानून बाकीचे दुर्लक्षिणे हे शास्त्राच्या विरुद्ध आहे. प्रत्येक गोष्ट तिच्या कारणांसह पाहावी, ही तर आपल्या परंपरेचीच शिकवण होय.

समुद्राच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले म्हणजे आपल्या उणिवेची जाणीव अधिक तीव्र होते. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या प्राचीन बंदरात इसिस देवतेच्या मंदिरापाशी भगवान बुद्धांची संगमरवरी मूर्ती मिळाल्याचे एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झाले. तेथेच तिसऱ्या शतकातील, सम्राट फिलिपच्या काळचा एक संस्कृत लेख मिळाला, आणि सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. सोकोत्रा बेटावरील होक गुहेत ब्राह्मी लिपीत कोरलेली भारतीय नाविकांची नावे याआधीच प्रकाशात आली होती. त्यांत भरुकच्छाचे लोक आहेत. आपल्या किनाऱ्यावरून गेलेली माणसे वाळवंटात व परबेटावर सापडतात, कारण तेथे कोणीतरी थरामागून थर उलगडत बसले आहे. ज्या बंदरांतून ती निघाली त्या बंदरांत मात्र त्यांचा शोध घेण्याची व्यवस्था नाही. बेरेनिकेस सातवाहन नाणे मिळते आणि त्याचे स्थान लिहिले जाते; कल्याणच्या पायाच्या खड्ड्यात तसेच नाणे मिळाले तर ते कोठे जाईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

शेवटी नोंदीच्या भाषेविषयी. या प्रदेशातील बहुतेक क्षेत्रकार्याचे अहवाल इंग्रजीत व तेही परिसंवादांच्या खंडांत प्रसिद्ध होतात. ज्या कोळीवाड्यातून माहिती घेतली त्या कोळीवाड्यात ते कधीच परत जात नाहीत. ठाण्यास १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. कल्याणास १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे. प्रत्येक सर्वेक्षणाची स्थळयादी, नकाशा व मराठी सारांश यांची एक प्रत या दोन संस्थांत ठेवली जावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. तसे झाल्यास आपल्या शेतात, विहिरीत किंवा पायात काही सापडलेला मनुष्य निदान कोठे विचारावे हे जाणेल, आणि पुढच्या अभ्यासकास मागच्याची नोंद तपासता येईल.

सारांश, ठाणे-कल्याण पट्ट्यातील सागरी वारशाची नोंद करणाऱ्यांकडून आमच्या अपेक्षा चार आहेत: खाडी हा एकच घटक मानावा, वास्तूबरोबर तर, बंदर व भरतीचे ज्ञान नोंदवावे, गावठाणातील प्रत्येक पायाचा खड्डा ही संधी समजावी, आणि नोंद मराठीत, स्थानिक संस्थांत उपलब्ध असावी. यांपैकी एकाही गोष्टीस मोठा निधी लागत नाही, नियमितपणा लागतो. कान्हेरीस दान देणाऱ्या त्या लोहाराने आपले नाव, आपला धंदा व आपले गाव तिन्ही स्पष्ट कोरवून ठेवले. त्याने सांगितलेल्या गावी जाऊन त्याच्या भट्टीची राख शोधणे हे काम आता आपल्याकडे आहे, आणि त्यास फार वर्षे उरलेली नाहीत.